सात चुकांचं प्रकरण

लिफ्टचं दार उघडलं तर आत एक जाडजूड रजई उभी. रजईखाली दोन पाय.

"कितवा मजला?" रजईतून आवाज आला.

"चौथा. झोपायला निघालात का?"

"कामाला." रजई जरा खाली झाली आणि दोन हसरे डोळे वर आले. "रेकॉर्डिंगच्या खोलीच्या दाराला लावायचीय. बाहेरचा गोंगाट आत येतो."

म्हणजे रेकॉर्डिंगवाला हाच. आणि मी त्याची नवी वाचक! शाळेत इतिहास शिकवणारी मी, सुट्टीत एका कादंबरीचं ऑडिओबुक करायला आले होते. पहिली चार प्रकरणं स्टुडिओच्या संचालकबाईंना आवडली तर पुस्तक माझं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं.

चाळीस पोरांना गप्प बसवणारी मी, मला कसली भीती? पण काचेआड माईकसमोर बसले आणि आवाजातला जीवच गेला. पलीकडे तो. मान खाली, नजर यंत्रावर. मी चुकले की फक्त हात वर करायचा. घरी नमुना ऐकून दादा म्हणाला, "हवामानाचा अंदाज छान वाचतेस."

तीन प्रकरणं अशीच गेली. शेवटी मी चिडलेच.

"तुम्ही ऐकता तरी का?"

"शब्दन् शब्द."

"शब्द नाही हो... मला. वर्गात एखादं पोर जांभई देतं, दुसरं डोळे मोठे करतं, त्यावरून मला कळतं गोष्ट कुठे रंगवायची. इथे भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं."

त्याने यंत्राचं एक बटण उगाच फिरवलं. "वर बघितलं तर... चुका सुटतील माझ्याकडून."

"का सुटतील?"

त्याचे कान लाल झाले.

चौथ्या प्रकरणाला त्याने वर बघितलं. नायिकेची मावशी घरात शिरलेल्या चोराला जेवायला वाढते, तो प्रसंग होता. काचेपलीकडे तो खुदकन हसला—आणि माझ्या तोंडून मावशीचा असा काही ठसकेबाज आवाज निघाला की मीच चकित झाले. चोर रडला तेव्हा यानेही हळूच डोळे पुसले. हात एकदाही वर गेला नाही. मी मनात म्हटलं, वा, एकही चूक नाही.

दुसऱ्या दिवशी संचालकबाईंनी दोघांना बोलावलं.

"सात चुका," त्या त्याला म्हणाल्या. "हिने एक अख्खी ओळ गाळलीय. सहा वर्षांत तुझ्याकडून एक सुटली नव्हती. करत काय होतास?"

पुस्तक तर गेलंच, वर याची नोकरीही.

"ऐकत होतो," तो म्हणाला.

बाईंनी चष्मा काढला. "मीही ऐकतच बसले. चुका दुसऱ्या खेपेला सापडल्या. तेवढी वाक्यं पुन्हा घ्या, आणि आधीची तीन प्रकरणं नव्याने करा. अशीच. पुस्तक हिचंच."

मला तिथल्या तिथे उडी मारावीशी वाटली.

"मग यंत्रावर दुसऱ्या कुणाला तरी बसवा," तो म्हणाला. "माझ्याच्याने आता चुका धरणं होणार नाही. या वाचायला लागल्या की मला दुसरं काही सुचत नाही. मला... या आवडतात."

"हे मला कशाला सांगतोस? जिला सांगायचं तिला सांग."

"तिलाच सांगतोय," तो म्हणाला, आणि त्याने सरळ माझ्याकडे बघितलं.

बोलण्यावर जगणारी मी, पुस्तक उलटं धरून वाचायचं नाटक करू लागले.

दुपारी यंत्रावर दुसरा माणूस बसला. रजईवाला काचेआड माझ्या खोलीत आला, स्टूल ओढून माझ्यासमोर बसला आणि नजर जराही हलवली नाही. मी पुस्तक उघडलं. आवाज आपसूक मोकळा झाला होता.

"मलाही तुम्ही आवडता," मी म्हटलं. "आता ऐका."