काचेच्या आतली काजळी

फ्रेमवालीचं टाळकं फिरलं ते पोस्टरखालची पाटी वाचून. हॉटेलमालकाला भिंतींवर रेल्वेची जुनी पोस्टरं लावायचं खूळ लागलं होतं. फ्रेमा हिच्याकडून करून घेतल्या, पण पाटी त्याने स्वतः रंगवली: 'माणसाचा पाय न लागलेली दरी.'

"पाय न लागलेली? या गवतावर आमच्या बाबांचं घर होतं. रूळ टाकायला रेल्वेने अख्खी वस्ती उठवली आणि मग प्रवासी यावेत म्हणून हे हिरवंगार चित्र छापलं. पाटी बदला."

"ताई, लोक इथं जेवायला येतात, रडायला नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण तिथे राहत होतो एवढं कुठेतरी लिहिलेलं पाहून डोळे मिटावेत, इतकंच तर तिचा म्हातारा बाप मागत होता.

आठवड्याने मालकाचा निरोप आला की त्या दरीच्या पोस्टरची काच आतून काळी पडलीये. तिने फ्रेम उघडली. काजळीच होती, आणि ओल्या लाकडाच्या धुराचा वास. तिने काच पुसली, कडा चिकटपट्टीने गच्च बंद केल्या. काच पुन्हा काळी झाली.

"तुमचं कामच कच्चं," मालक म्हणाला. एवढ्या वर्षांत तिला असं कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाबांनाच घेऊन गेली. काय बोलायचं ते यांच्या तोंडावर बोल म्हणावं! हॉटेलात मालकाशिवाय कुणी नव्हतं.

"आजोबा, तिथं कुणीच राहत नव्हतं हो," तो हसून म्हणाला आणि फडकं घेऊन काच पुसायला वळला.

तिने बाबांसाठी खुर्ची ओढली. मान वर केली, तर मालक जागेवर नव्हता. स्वयंपाकघराचं दार बाहेरून बंदच होतं.

बाबा चष्मा सावरत काचेशी गेले. "आपली चूल पेटलीये."

काच आता स्वच्छ होती, पण तिला नुसतं गवत दिसत होतं.

"माझी आई दारात आलीये. विचारतेय, कुणाकडे आलात?"

"कुणाला विचारतेय, बाबा?"

"त्यालाच. हातात फडकं आहे बघ."

तिने बाबांचा दंड धरला. "चला, घरी जाऊ."

"थांब जरा." बाबांनी काचेला नाक टेकवलं. कितीतरी वर्षांनी त्यांचा चेहरा निवला होता.

"आत घेतलं त्याला," ते म्हणाले. "कडी लावली."