उसनं लुगडं

वालावलच्या तळ्याकाठी, धुक्यातून आपलंच हिरवं लुगडं चालत येताना मथुरेनं पाहिलं आणि तिच्या हातातली कळशी कलली. लांब केस, खाली वळलेली नजर... जवळ आल्यावर कळलं – हा तर दशावतारी कंपनीतला बाबली. जत्रेच्या रात्रभर चाललेल्या नाटकात राजकन्या झालेला.

राजकन्येला लुगडं गावातल्या एखाद्या घरानं द्यायचं, अशी रीत. यंदा ते मथुरेच्या वडिलांनी, गणपतनं, दिलं होतं.

"माझा लुगडा तुका माझ्यापेक्षा बरा दिसता," ती म्हणाली.

बाबली लाजला – थेट राजकन्येसारखा.

पुढे दर जत्रेला तेच लुगडं त्याच्याकडे जाई. सकाळी धुऊन, घडीत अबोलीचा वळेसर, केसांत माळायचा गजरा, ठेवून तो ते परत करी. बोलत मात्र नसे. लिहिलेलं काही नसताना रंगमंचावर सुचेल ते अस्खलित बोलणारा हा माणूस, मथुरा समोर आली की नसलेला पदर सावरी.

अठ्ठावन्न सालच्या जत्रेत मात्र तो बोलेल म्हणून आणखी थांबायला मथुरा तयार नव्हती. मुंबईच्या गिरणीत काम करणारा एक मुलगा तिला बघायला येणार होता आणि कंपनी त्याच दुपारी पुढच्या गावाला निघणार होती. तळ्याच्या पायरीवर तिनं बाबलीची वाट अडवली.

"आज मी राजा. तू राजकन्या. बोल."

तिनं मान ताठ केली, आवाज जड केला. "राजकन्ये, मुंबईचा एक राजपुत्र आमच्यावर चाल करून येत आहे. आम्ही काय करावे?"

बाबलीची नजर सवयीनं खाली गेली. शब्द मात्र आले... "महाराज, दासीच्या मनात आपणच आहात. पण पित्याला विचारण्याचे धैर्य..."

"पिता थंय माडांक पाणी घालता," राजा म्हणाला.

बाबली ओलं लुगडं खांद्यावर टाकून निघाला. मथुरा मागोमाग येऊन एका माडाआड उभी राहिली. गणपतनं वर बघितलं. "काय रे, फाटला काय?"

"नाय, काका." आवाज पुरुषाचा होता; मथुरेनं तो प्रथमच ऐकला. "ह्या लुगडा यंदा परत देवचा नाय. नेसणारीसकट व्हया."

गणपतनं पाण्याची घागर खाली ठेवली. मग माडाआड हाक मारली, "मथुरे, ह्यो काय म्हणता, आयकलंस मां?"

राजा झालेली मथुरा पदर सावरत खाली बघू लागली.