महोगनीचे शेवटचे बोंड

रोपवाटिकेतल्या महोगनीच्या नऊशे रोपांचे शेंडे एका अळीने आतून पोखरले, तेव्हाच ही मोहीम ठरली. कड्यामागच्या जंगलात एक जुनी महोगनी आहे, तिला ही अळी शिवत नाही, असे म्हणत. तिचे बी आणायचे. नाही मिळाले, तर रोपवाटिकेला कुलूप!

माणसे तीन. रोपवाटिका चालवणारी वहिनी, झाडांवर चढण्यात हयात घालवलेला तिचा दीर आणि एक वाटाड्या, ज्याच्या तोंडून चांगली बातमी कधी बाहेर पडली नसावी. निघायचा दिवस वहिनीने आपल्या वहीत पाहून काढला. बोंडे कधी तडकतात, याच्या दहा वर्षांच्या नोंदी होत्या तिच्यात.

दुसऱ्या दिवशी नदीने शिध्याची पिशवी नेली. चौथ्या दिवशी वाटाड्या दरडीवरून घसरला आणि घोटा सुजवून बसला. सहाव्या दिवशी पाणी संपत आले आणि झाड दिसले!

काय ते झाड! चौघांच्या कवेत न मावणारा बुंधा, सरळसोट वर गेलेला, आणि मान मागे टाकावी तेव्हा कुठे दिसणारा पानांचा विरळ घुमट.

"बोंडं उघडली असणार," वाटाड्या म्हणाला.

"तुमच्या तोंडून एकदा तरी बरं निघू दे!" वहिनी म्हणाली.

दीर चढला. वरच्या फांदीवरून ओवलेल्या त्याच्या दोराचे टोक वहिनीने एका मुळीला वेढा देऊन धरले होते. तासाभराने वरून आवाज आला.

"वहिनी, नुसती टरफलं आहेत! बी उडून गेलं सगळं!"

वहिनीला आपली चूक कळली. वहीतल्या नोंदी रोज पाणी पिणाऱ्या झाडांच्या होत्या. ही कड्यामागच्या कोरड्या रानातली. हिची बोंडे कधीच तडकली होती आणि पंखांचे बी गरगरत दरीत गेले होते.

"थांबा, एक राहिलंय! टोकाला, मिटलेलं!"

"जपून, भावजी!"

"इतका जपून तर मी लग्नातही चाललो नव्हतो!"

कड्! पायाखालची फांदी मोडली. दोर सळसळत सुटला. वहिनीचे तळवे सोलून निघाले. तिने टाच रोवली. वाटाड्याने दोरावर अंग टाकले. दोर थांबला! वर दीर लोंबकळत होता, खांदा निखळलेला.

"बोंड अजून आहे, वहिनी. एका हातानं जमेल."

"आधी शेंडे बघा. कसे आहेत?"

त्याने धड हाताने जवळचा शेंडा मोडून पाहिला.

"पोखरलेत. आपल्या रोपांसारखेच."

म्हणजे अळी इथेही आली होती. झाड फक्त तिला पुरून उरण्याइतके थोराड होते; त्याच्या बियांची रोपेही पोखरलीच गेली असती.

"मग उतरा."

"आणि रोपवाटिका?"

"ती बुडाली! आता तुमच्या बायकोच्या हातात काय देऊ मी, बोंड?"

तो उतरला. वाटाड्याने खांदा बसवला. त्या किंकाळीने पाखरे उडाली. तिघांत मिळून धड हात तीन, धड पाय पाच. तेवढ्यावर सहा दिवसांची वाट काढायची होती.

"वाफ्यांत आता काय लावायचं?" दिराने विचारले.

"काही नाही."

वहिनीने बियांसाठी आणलेली पोती तिथेच टाकली, वाटाड्याला काठी दिली, दिराचा धड हात आपल्या खांद्यावर घेतला आणि पहिले पाऊल उचलले.