बेचाळीस नंबरच्या स्लॅबमधला धागा

मंगळवारी सकाळी नऊ दहाला दादाने बेचाळीस नंबरच्या स्लॅबचा कोअर माझ्या टेबलावर ठेवला. मनगटाएवढा जाड, वीतभर लांब, यंत्राने कापून काढलेला काँक्रीटचा दंडगोल. अशा स्लॅबना स्लॅब जोडून केलेला रस्ता अकरा वर्षांचा. दादा त्याच्या दुरुस्तीवर मुकादम. मी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली काँक्रीटचे आजार शोधतो.

"बघा डॉक्टर, पेशंट जगतोय का," तो म्हणाला आणि चहा न घेताच गेला.

कोअर उभा कापला, आरशासारखा घासला. खडी घट्ट. हवेची छिद्रं गोल, मोकळी. अकरा सेंटिमीटर खाली एकच भेग, सुईएवढी, पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली. असे स्फटिक वाढायला वर्षं लागतात. स्लॅब पास होता.

स्फटिकांच्या आत लोकरीचा धागा होता.

मोरपंखी आणि राखाडी, दोन पदरी. कापताना चिकटला असेल म्हणून ब्रशने झाडला, स्पिरिटने पुसला. हलला नाही. स्फटिक त्याच्यावरून वाढले होते.

घरी वहिनी दादासाठी स्वेटर विणत होती. गेल्या महिन्यात सुरू केलेला, एक बाही बाकी. दोन रंगांचा पीळ तिने स्वतः घातलेला. मी वीतभर धागा मागितला.

"आता लोकरीतही भेगा शोधणार का, भाऊजी?"

बुधवारी दोन्ही धागे शेजारी ठेवले. सेंटिमीटरला सात पीळ, दोन्हीकडे. राखाडी पदरात एक तंतू पांढरा पडलेला, दोन्हीकडे.

रस्त्याच्या कामावरच्या साहेबांना सांगितलं. "अहवालात काय लिहिणार?" ते म्हणाले. "लोकर?"

दादाचं काम त्याच रांगेत चाललं होतं. बारा वर्षांत पहिल्यांदाच मी खोटा अहवाल लिहिला: बेचाळीस नंबर आतून फुटलेला, अयोग्य. नापास स्लॅब महिनोन्‌महिने दोऱ्या बांधून पडून राहतात, हा माझा अनुभव.

"त्या स्लॅबवर जाऊ नकोस," संध्याकाळी दादाला म्हटलं.

"तूच नापास केलास ना? मग मरायला कोण जातंय तिथे!"

गुरुवारी मी सहालाच घरून निघालो. तुकडा आणखी अर्धा मिलिमीटर घासला. धागा संपतो तिथे गाठ दिसली. वहिनीच्या धाग्याला गाठ नव्हती. तेवढ्यावर जरा जीव भांड्यात पडला.

दहा वीसला साहेबांचा फोन आला. "तुमचा अहवाल पाहिला, लगेच माणसं लावली. स्लॅब उखडतोय."

"दादा कुठे आहे?"

"तिथेच. खालची माती वाहून गेलीय, मोठी पोकळी आहे. बघायला आत उतरलाय. तुमचं निदान बरोबर निघालं हो."

"त्याला वर काढा."

"सांगतो," ते म्हणाले. मागून कोणीतरी ओरडलं आणि फोन बंद झाला.

दादाचा फोन लागेना. घरी लावला.

"वहिनी, स्वेटर कुठवर आला?"

"रात्रीच पुरा झाला. घालूनच गेलेत. कोपराशी धागा निघत होता, दारातच गाठ मारून दिली."