बोधगयेचं तिकीट

"नीट पाह्य बरं, शिक्का कुठं आहे?" दीपाने भिंग संघदीपच्या हातात दिलं.

बोरी अरबच्या वाचनालयात दुपारी चारला तिकिटांचं प्रदर्शन उघडणार होतं. उकंडा आजोबांनी जमवलेली जुनी तिकिटं काचेखाली मांडली होती. डोंगर, लेणी, मंदिरं, मशिदी. सुटीत मारेगावहून आलेली दीपा आणि तिचा आतेभाऊ संघदीप नावांच्या चिठ्ठ्या लावत होते. बोधगयेच्या मंदिराचं तिकीट आजोबांना सगळ्यांत मोलाचं. छप्पन्न साली त्यांचे वडील दीक्षेसाठी नागपूरला गेले, तेव्हा त्यांनी घरी धाडलेल्या पत्रावरचं ते होतं. त्यावरचा नागपूरचा शिक्काच गायब होता.

"कडेचे दातेही छापलेले आहेत," संघदीप कुजबुजला. "हे नुसतं चित्र आहे."

तिकिटांची वही आठवडाभर ग्रंथपाल प्रेमकाकांकडे होती. सरळ विचारलं तर ते हसण्यावारी नेतील, हे दीपाला ठाऊक होतं. ती त्यांच्या टेबलाशी गेली.

"काका, बोधगयेचं तिकीट जरा सरकवू का? चिठ्ठी बसून नाही राह्यली."

"नको, डिंक ओला आहे अजून."

"आजोबा तर तिकिटाले कधीच डिंक लावत नाहीत."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग हळूहळू सगळं सांगितलं. परवा त्यांच्या हातून चहा सांडला. भिजलेलं तिकीट त्यांनी वर्तमानपत्रात दाबून ठेवलं आणि आज सकाळी चुकून तीच रद्दी रद्दीवाल्या सेवादासला विकली. मग काचेखाली तिकिटाचं छापील चित्र चिकटवलं. "आजोबाले कमी दिसते. मले वाटलं, समजणार नाही."

सेवादासचा टेम्पो बाराला निघायचा. पावणेबारा झाले होते. दोघांनी सायकली काढल्या.

सेवादासच्या दुकानासमोर टेम्पो सुरूच होता. "भरलेला माल मी उतरवत नसतो," सेवादास म्हणाला. दीपाने धापा टाकत पणजोबांच्या पत्राची गोष्ट सांगितली. त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"वाचनालयाचा गठ्ठा वरच आहे. पाहा."

खालून तिसऱ्या अंकात तपकिरी डाग सापडला. तिकीट कागदाला घट्ट चिकटलं होतं. संघदीपने नख लावताच दीपाने त्याचं मनगट धरलं.

"फाटन ते. कागदासकट घे."

घरी तिने तो तुकडा ताटलीतल्या पाण्यावर तरंगत ठेवला. वीस मिनिटं दोघंही जागची हलली नाहीत. मग तिकीट अलगद सुटलं. एक दाता तुटला होता, शिक्का शाबूत होता.

प्रेमकाकांनी स्वतःच आजोबांसमोर चूक कबूल केली. आजोबा बराच वेळ भिंगातून पाहत राहिले.

"माह्यापेक्षा नजर तेज आहे पोरांची," ते म्हणाले. "आतापासून वहीले हात लावायचा तर दीपाले विचारून."

चारला दार उघडलं. पहिले आत आले ते प्रेमकाकाच, हात पाठीमागे बांधून.

"दीपा," त्यांनी विचारलं, "मी पाहू का?"