चौदावा मुद्दा

"बाकी सगळं तपासा, मॅडम. पण त्या पेजवर मेसेज टाकू नका."

संग्रहालयाची वेबसाइट सांभाळणाऱ्या गृहस्थांनी मला हे फोनवर सांगितलं होतं. अगदी स्वच्छ शब्दांत.

मी ऐकलं नाही. मला वाटलं, काम कच्चं असेल, तेच झाकतायत.

पुढे लिहितेय त्यात एक शब्दही पदरचा नाही. इथे बहुतेकांचे अनुभव रात्रीचे असतात. माझा भर दुपारचा आहे. मंगळवार, दोन वाजून दहा मिनिटं. तिसऱ्या मजल्यावरचं आमचं घर. खिडकीतून लख्ख ऊन आणि वरच्या मजल्यावर कोणाचं तरी ड्रिल मशीन चाललेलं.

त्या दुपारनंतर मी कुठल्याही खुर्चीकडे पाठ करून बसू शकत नाही.

मुलगी झाली तेव्हा माझी नोकरी सुटली. तिला आम्ही चिऊ म्हणतो. अडीच वर्षांची आहे. मी मुळात काळजी करणारी. रात्रीतून चार वेळा उठून तिचा श्वास चालू आहे ना बघणारी. नवरा म्हणतो, "घरात सीसीटीव्ही लावायची गरजच नाही, तू आहेस."

घरबसल्या काहीतरी काम हवं, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. काम दिलं ताईने.

ताई माझी सख्खी मोठी बहीण. संग्रहालयाचं प्रसिद्धीचं काम तिच्याकडे. शाळेत जाताना रस्ता ओलांडेपर्यंत माझा हात न सोडणारी. तिने मला कधी पत्त्यांतसुद्धा फसवलं नव्हतं.

"आमची वेबसाइट आणि सोशल मीडिया बाहेरच्या कोणीतरी तपासायचंय," ती म्हणाली. "तक्ता तयार आहे. प्रत्येक मुद्द्याला पाचपैकी मार्क द्यायचे, शेरा लिहायचा. चिऊ दुपारी झोपते ना? तेव्हा कर."

"चिऊच्या झोपेचं तुला बरं लक्षात."

"मावशी आहे मी तिची."

तक्त्यात चौदा मुद्दे होते. चिऊ झोपली की मी लॅपटॉप उघडायचे.

काम मजेचं होतं, खोटं कशाला बोलू. वेबसाइटवर लिहिलेलं, सोमवारी बंद. सोशल मीडियाच्या पेजवर लिहिलेलं, मंगळवारी बंद. तिकिटाची माहिती सापडायला सात क्लिक. 'लवकरच येत आहे' ही पोस्ट तीन वर्षं सगळ्यात वर चिकटलेली. काय येणार होतं, ते कोणालाच माहीत नाही. लाइक करणारे तेच अकरा जण, त्यातले नऊ संग्रहालयातलेच कर्मचारी.

मी सढळ हाताने शून्य देत सुटले.

नववा मुद्दा फोटोंचा. खेळण्यांच्या दालनाचे फोटो बघताना एक गोष्ट खटकली. कोपऱ्यात एक लाकडी खुर्ची होती. जुन्या फोटोंत तिच्यावर एक वयस्कर बाई दिसायच्या, गेल्या वर्षभरात नुसती खुर्ची. पण प्रत्येक फोटोत तिचं तोंड वेगळ्या दिशेला.

मी शेरा लिहिला, 'फोटो काढण्याआधी दालन नीट लावून घ्यावं.'

मग सहज पुन्हा एकदा सगळे फोटो पाहिले...

ज्या फोटोत मूल होतं, त्या फोटोत खुर्चीचं तोंड त्या मुलाकडे होतं.

प्रत्येक फोटोत.

योगायोग म्हणून मी पुढे गेले.

चौदावा मुद्दा असा होता. 'लहान मुलाची आई म्हणून पेजवर मेसेज पाठवावा. मुलाचं खरं वय लिहावं. उत्तर यायला लागलेला वेळ नोंदवावा.'

वेबसाइटवाल्यांचं बोलणं आठवलं. पण काम म्हणजे काम. मी लिहिलं, 'अडीच वर्षांच्या बाळाला घेऊन यायचंय. बाळासाठी काही सोय आहे का?'

उत्तर चाळीस सेकंदांत आलं.

'या. वरचा मजला निवांत बघून या. तोवर मी सांभाळते.'

मला बरं वाटलं. मी तक्त्यात लिहिलं, 'भाषा आपुलकीची. पाचपैकी पाच.' त्या तक्त्यात मी पूर्ण मार्क तेवढ्याच एका ठिकाणी दिले.

तेवढ्यात दुसरा मेसेज आला.

'उजवी चप्पल टोचतेय तिला. अंगठ्यापाशी लाल झालंय.'

मी स्क्रीनकडे बघत राहिले. सकाळी चप्पल घालताना चिऊ रडली होती. मी घाईत होते. पाय बघितलाच नव्हता.

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. ताईलाही नाही.

वरचं ड्रिल थांबलं.

आणि आतल्या खोलीतून आवाज आला... लाकडी पाय फरशीवर सरकल्याचा.

एकदाच. सावकाश.

मी धावले. खोलीत आमची एक जुनी खुर्ची आहे, धुतलेले कपडे टाकायची. कपडे जमिनीवर होते. पडलेले नाहीत, घडी घालून ठेवलेले. आणि खुर्चीचं तोंड चिऊच्या पलंगाकडे होतं.

चिऊ जागी होती. मांडी घालून बसलेली, हात गुडघ्यांवर. अशी ती कधीच बसत नाही.

तिच्या फ्रॉकला सेफ्टी पिनने एक पितळी बिल्ला लावलेला होता. त्यावर आकडा होता, नऊ.

मी तिचा उजवा पाय हातात घेतला. अंगठ्यापाशी लाल झालं होतं.

"चिऊ, हे कोणी लावलं गं?"

तिने आधी खुर्चीकडे बघितलं. परवानगी घेतल्यासारखं. मग माझ्याकडे.

"माझी आई वर गेलीये," ती म्हणाली. "येईल आत्ता."

"मीच आई आहे ना, सोन्या."

ती हसली. अनोळखी माणसाला बघून लाजतात, तसं.

मी बिल्ला काढून गॅलरीतून खाली फेकला. संध्याकाळी तो परत फ्रॉकला होता. खुर्ची उचलून कचऱ्यापाशी ठेवून आले. दुसऱ्या दिवशी बाथरूममधलं प्लास्टिकचं स्टूल खोलीत... पलंगाकडे वळून.

चिऊ जेवायची, झोपायची, शहाण्यासारखी वागायची. फक्त माझ्याजवळ यायची नाही. मी उचललं की अंग ताठ करायची आणि दाराकडे बघत राहायची. आईची वाट बघत.

डॉक्टर म्हणाल्या, "वय आहे, फेज असते." नवरा म्हणाला, "तू जरा जास्तच काळजी करतेस."

मेसेजच्या दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, मी वेबसाइटवाल्यांना फोन केला. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "टाकलात ना मेसेज?"

मग त्यांनी सांगितलं.

फोटोतल्या त्या बाई तीस वर्षं खेळण्यांच्या दालनात राखणीला होत्या. वरच्या मजल्याचा जिना अरुंद होता. तान्ही, लहानगी मुलं घेऊन आलेल्या आयांना त्या म्हणायच्या, ठेवा माझ्याकडे, बघून या निवांत. त्यांच्याकडे पितळी बिल्ल्यांच्या जोड्या होत्या. एक मुलाच्या कपड्याला, त्याच आकड्याचा दुसरा आईच्या हातात. दोन्ही जुळले तरच मूल परत. आणि एका वेळी एकच मूल सांभाळायच्या. दुसरं आलं की मात्र पहिलं बिल्ला न बघताच देऊन टाकायच्या. एका मंगळवारी दुपारी त्या खुर्चीतच गेल्या. संध्याकाळी कुलूप लावेपर्यंत कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

"त्यानंतर पेजवर उत्तरं यायला लागली," ते म्हणाले. "पासवर्ड बदलून झाले. मेसेजचं बटण काढून झालं, दुसऱ्या दिवशी परत येतं. तुमच्याकडे दुसरा बिल्ला आहे ना? आईचा?"

"मला कोणी दिलाच नाही."

"मग कठीण आहे," ते म्हणाले.

"पण तुमच्याच तक्त्यात लिहिलं होतं मेसेज टाका म्हणून," मी म्हणाले. "चौदावा मुद्दा."

"मॅडम, तो तक्ता मीच तयार केलाय. त्यात तेरा मुद्दे आहेत."

तक्ता मला ताईने दिला होता. ताईचा मुलगा आठवला. माझा भाचा, सहा वर्षांचा. मागे त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा तो जेवणाच्या टेबलाजवळ एका रिकाम्या खुर्चीला टेकून उभा होता. तोंडात पितळेचं काहीतरी चघळत. ताईने ते हिसकावून घेतलं होतं. मग त्याने ताईलाच विचारलं होतं, "माझी आई कधी येणार?"

आम्ही हसलो होतो. मी तर म्हटलं होतं, नाटकात घाला याला.

ताई तेव्हा हसली नव्हती. आत्ता आठवतंय.

मी तिला फोन लावला.

"ताई, चौदावा मुद्दा कोणी लिहिला?"

 मागून भाच्याचं खिदळणं ऐकू येत होतं. किती महिन्यांनी ऐकलं मी ते.

"काल दुपारी तो आपणहून माझ्या मांडीवर येऊन बसला गं," ताई म्हणाली. "आठ महिन्यांनी. आई म्हणाला मला."

"मी काय विचारतेय?"

"पेज सुरू आहे का बघायला मी साधा मेसेज टाकला होता, छोटे. याचं वय लिहून. मला काय माहीत."

"पण मला देताना तुला माहीत होतं."

"तू आई आहेस. तुला कळेल."

"मुलाचं खरं वय लिहा, असं का लिहिलंस?"

 ती हळूच म्हणाली, "खोटं लिहून बघितलं होतं मी. चालत नाही."

मी फोन ठेवला. रडूसुद्धा आलं नाही. एकच डोक्यात घुमत होतं... तिने आधी शोधलं असणार. कोणाकडे लहान मूल आहे, कोण दुपारी एकटी असते, कोण आपल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवते. आणि शोधून शोधून ती माझ्यापाशी थांबली.

त्याच दुपारी मी पेजवर लिहिलं, 'माझी मुलगी परत द्या.'

चाळीस सेकंद.

'बिल्ला दाखवा. बिल्ल्याशिवाय मूल देत नाही.'

'मला बिल्ला दिलाच नव्हता.'

यावर उत्तर आलं नाही. पलीकडच्या खोलीत चिऊ कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होती.

शनिवारपर्यंतचे दिवस मी असेच काढले. शनिवारी दुपारी राहवलं नाही. लहान मुलांच्या आयांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, तिथे सगळं लिहिलं. कोणाला काही उपाय माहीत असेल म्हणून. फक्त त्यासाठी. सोबत त्या मेसेजांचा स्क्रीनशॉट टाकला. त्यात माझं नाव झाकलं. चिऊचं वय झाकलं.

पेजचं नाव तेवढं झाकायचं राहिलं.

राहिलं, असं मी म्हणते.

ग्रुपवर एक आहे, तिला आम्ही सगळ्या 'जुळ्यांची आई' म्हणतो. कायम थट्टेच्या मूडमध्ये. रात्री दोन-दोन वाजता जागं असलेल्या आम्हाला हसवणारी. तिने लिहिलं, 'थांब गं, मीच विचारते तुझ्या म्हातारीला. माझी दोन्ही ठेवून घे म्हणावं, दोन तास झोपते तरी.'

खाली हसणारे चेहरे.

मी 'नको' टाइप केलं.

तेवढ्यात आतून हाक आली...

"आई."

चार दिवसांनी.

फोन टाकून मी धावले. चिऊ पलंगावर उभी होती, दोन्ही हात माझ्याकडे पसरून, घामाघूम, रडवेली, माझी. फ्रॉकवर बिल्ला नव्हता, नुसती पिनेची दोन भोकं. आणि स्टूल भिंतीकडे तोंड करून होतं.

मी तिला किती वेळ घट्ट धरून बसले, सांगता येणार नाही.

फोन हातात घेतला तेव्हा पाच वाजले होते. माझं 'नको' तसंच होतं. टाइप केलेलं. न पाठवलेलं.

आज बारा दिवस झाले. ताईचे रोज फोन येतात, मी उचलत नाही. मेसेज एकच असतो, 'आता तरी कळलं ना?'

कळलं. तेच तर सहन होत नाही.

संग्रहालयाचं नाव इथे कुठेही लिहिलेलं नाही. तीनदा वाचून खात्री केली आहे.

जुळ्यांची आई त्या शनिवारनंतर ग्रुपवर आलेली नाही. मी तिला रोज लिहिते. मेसेज पोहोचतो, वाचला जात नाही. तिचं खरं नाव मला माहीत नाही, घर माहीत नाही. तिला दोन मुलं आहेत, आणि बाई एका वेळी एकच सांभाळतात.

तुमच्या इमारतीत, नात्यात, ओळखीत अशी कोणी असेल... जुळी मुलं, हसरी बाई, हल्ली दार उघडत नाही... तर कृपा करून तिच्याकडे जाऊन या. दुपारीच जा.

दोन्ही मुलांना जवळ घ्या आणि विचारा, आई कुठे आहे.

वेगवेगळं विचारा.