सगळे आल्याची खूण

बाबांचं नवं ओळखपत्र घेऊन यायचं, एवढंच काम होतं. चष्म्याच्या दुकानातून जेवणाच्या सुट्टीत निघायचं, सहलींच्या ऑफिसात जायचं, सही करायची, कार्ड पर्समध्ये टाकायचं आणि परत. पण ऑफिसातल्या बाईंनी कार्ड हातात दिलं नाही. त्यांनी दार लोटून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, आणि लेकीच्या लक्षात आलं की आता काहीतरी नको ते ऐकावं लागणार.

"तुझे बाबा आमचे सगळ्यात जुने मास्तर," बाई म्हणाल्या. "त्यांच्यासारखं शहर कुणी दाखवत नाही. पण गेले तीन महिने ते प्रत्येक कोपऱ्यावर गप्प उभे राहतात. लोकांच्या डोक्यांवरून मागे कुठेतरी बघत. दोन-दोन मिनिटं. परवा एका पाहुण्यानं मला फोन करून विचारलं, यांना बरं नाहीये का?"

तीन महिने म्हणजे आई गेल्यापासून.

"आईच्या जागी दुसरं शेपूट ते घेतच नाहीत. उद्या दुपारी तूच शेपूट म्हणून जा त्यांच्याबरोबर. डोळ्यांनी बघ आणि मला खरं काय ते सांग. तू थांबवा म्हणालीस तर परवापासून थांबवू. कार्ड तोवर माझ्याकडे राहू दे."

आता हे शेपूट काय, ते सांगायला हवं. जुन्या शहरातून माणसं पायी फिरवायची, तर पुढे एक बोलणारा लागतो आणि मागे एक मोजणारा. बोलणारा तो मास्तर, मोजणारं ते शेपूट. गल्ल्या अरुंद, गर्दी अशी की पुढच्याची पाठ नजरेआड झाली की माणूस हरवलाच म्हणून समजा. म्हणून प्रत्येक कोपरा वळला की मास्तरनं थांबायचं. शेपटानं डोकी मोजायची आणि भरली की मिटलेली छत्री उंच धरायची. ती सगळे आल्याची खूण. ती दिसल्याशिवाय मास्तरनं तोंड उघडायचं नाही.

एकतीस वर्षं बाबा पुढे बोलत होते आणि आई मागे मोजत होती. बाबांच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की आवरायचा नाही. आई दिवसाला जेमतेम वीस वाक्यं बोलायची, आणि त्यातली निम्मी "चला, चला" असायची. बाबा तिला घरीदारी "शेपूट" म्हणत. "शेपटाशिवाय माकडाला तोल सांभाळता येत नाही," ती शांतपणे म्हणे, आणि अख्खं ऑफिस हसत सुटे. घरीसुद्धा ती शेवटीच. जिना चढताना सगळ्यांच्या मागे, दारातून आत येताना सगळ्यांच्या मागे. त्यामुळे दाराला कडी लावायचं काम तिचंच होतं. ती गेल्यापासून बापलेक दोघंही कडी विसरत. शेजारच्या काकू दोनदा येऊन ओरडून गेल्या होत्या, दार नुसतं लोटून कसले राहता म्हणून.

काम सुटलं तर बाबांचं काय होईल, हे लेकीला कुणी सांगायला नको होतं. सुट्टीच्या दिवशी ते तीन खोल्यांत फेऱ्या मारत आणि भिंतीवरच्या घड्याळाला शहराचा इतिहास ऐकवत. पण त्यांचं डोकं खरंच ठिकाणावर नसेल आणि एक दिवस भर रस्त्यात, त्या गाड्यांच्या आणि हातगाड्यांच्या गर्दीत काही झालं, तर? नजर तपासणं हा तिचा रोजचा धंदा. कुणाला किती दिसतं हे ती दोन मिनिटांत सांगायची. आता बाबांना काय दिसतं ते बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं दारामागच्या खिळ्यावरची आईची छत्री काढली. बाबा बुटाची नाडी बांधता बांधता थांबले.

"शेपटाचा नियम ठाऊक आहे ना?"

"मागे बघायचं नाही."

"हं. मागे बघितलं की पुढचे निसटतात, असं म्हणायची ती." ते पुन्हा नाडीकडे वळले. "पण तू नियम म्हणूनच पाळ."

पाहुणे अकरा होते. दोन जोडपी, पाच मैत्रिणींचा एक घोळका, कॅमेरावाला एक तरुण आणि एकटेच आलेले काठीवाले आजोबा, ज्यांना कमी ऐकू येत असल्यानं प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी सगळे जमले. पहिला कोपरा कुलपांच्या बाजाराचा. कानशींची खरखर, तापलेल्या लोखंडाचा वास, डोक्यावर गाठोडी घेऊन "बाजू, बाजू" करत जाणारे हमाल. लेकीनं अकरा डोकी मोजली आणि छत्री वर केली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते तिच्या खांद्यावरून मागे बघत होते. पाच सेकंद, दहा सेकंद. मग त्यांचा चेहरा उजळला, मान हलली, आणि ते बोलायला लागले. काय बोलले ते! शंभर वर्षांपूर्वी इथल्या एका कारागिरानं स्वतःच बनवलेल्या कुलपात स्वतःलाच कसं कोंडून घेतलं, हे ऐकून पाच मैत्रिणी पोट धरून हसत होत्या. लेकीलाही हसू आलं असतं. पण तिच्या मागे, अगदी हातभर अंतरावर, कुणीतरी चपला घासत येऊन थांबलं होतं. एक पाऊल नीट, दुसरं किंचित ओढत. आणि त्या लोखंडाच्या वासात मधूनच गुडघ्याला लावायच्या मलमाचा वास आला.

बाजारात हजार माणसं असतात, तिनं स्वतःला समजावलं. कुणाचे ना कुणाचे गुडघे दुखणारच.

दुसऱ्या कोपऱ्यावर तेच झालं, तिसऱ्यावरही तेच. ती थांबली की मागची पावलं थांबत. ती निघाली की निघत. चौथ्या कोपऱ्यावर बाबा जवळून जाताना ती दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, छत्री माझ्याकडे आहे. तुम्ही कुणाकडे बघता?"

"छत्री तू घेतलीस ना, म्हणून आज तिनं नुसताच हात केला," बाबा सहज म्हणाले.

"आई... दिसते तुम्हाला?"

"हात दिसतो."

"फक्त हात?"

"फक्त हात. बाकीचं बघायचा मी प्रयत्न करत नाही." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तूही करू नकोस, बाळ."

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त तिला रडू आलं. बाबांचं आता संपलं, असं तिला वाटलं. बाईंना काय सांगायचं ते तिनं तिथेच मनाशी ठरवून टाकलं.

मग जुनं नाट्यगृह लागलं. ते बंद पडून बरीच वर्षं झाली होती. पहारेकरी सहलीपुरतं उघडायचा आणि माणसं बाहेर पडली की कुलूप लावायचा. आत शिरताच रस्त्याचा गलबला कुणी उशी दाबल्यासारखा बंद झाला. ओल्या मखमलीचा, धुळीचा आणि जुन्या लाकडाचा वास. दोन दिवे रंगमंचावर, बाकी काळोख. लाकडी जिन्यानं सगळे वर सज्जात गेले, बाबांनी रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवून जुन्या नटांच्या गमती सांगितल्या, आणि मंडळी मागच्या दारानं पुस्तकबांधणीवाल्यांच्या गल्लीत उतरली. बाहेरच्या उन्हात लेकीला हायसं वाटलं. मागे पावलं वाजत नव्हती. मलमाचा वासही नव्हता.

कोपऱ्यावर तिनं डोकी मोजली. अकरा. छत्री वर केली.

बाबा तिच्यामागे बघत उभे राहिले. अर्धं मिनिट गेलं. मग एक मिनिट. मग दोन. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी हळूच "काय झालं?" म्हणालं. लेक गर्दीतून वाट काढत पुढे गेली.

"बाबा, बोला ना... सगळे आलेत."

"नाही आले."

"मी मोजले, बाबा. अकरा आहेत."

"ती तिथं नाहीये." बाबांचा आवाज बारीक झाला होता. "माणूस राहिला की ती येत नाही पुढे. शेवटचा माणूस चालेपर्यंत ती चालत नाही..."

लेकीचे डोळे भरून आले. रागानं, लाजेनं, मायेनं, सगळ्यानंच. केवळ बाबांचं तोंड बंद करायचं म्हणून तिनं पुन्हा मोजायला घेतलं. या वेळी एकेकाला बोट लावून. जोडपी दोन, मैत्रिणी पाच, कॅमेरावाला एक. आणि अकरावा, कोपराला खळ लागलेला, कानावर पेन्सिल खोचलेला एक माणूस.

"तुम्ही..."

"मी इथला हो," तो ओशाळून हसला. "समोरचं दुकान माझं. मास्तर बोलतात ते ऐकायला येऊन उभा राहतो रोज. तुमच्या आईंना ठाऊक होतं."

काठीवाले आजोबा नव्हते.

लेक धावली. पहारेकऱ्यानं मागच्या दाराला कुलूप घातलं होतं आणि तो घरी जायला निघालाच होता. आता बंद झालेलं दार उद्या दुपारीच उघडलं असतं. कुलूप निघालं. आत आता ते दोन दिवेही नव्हते. मोबाइलचा उजेड पुढे धरून ती जिन्यापाशी पोचली.

आजोबा सज्जाच्या जिन्यावर, वरून तिसऱ्या पायरीवर बसले होते. पाय मुरगळला होता. पण चेहरा असा शांत, जणू बाकावर बसून गाडीची वाट बघत होते.

"आलीस?" ते म्हणाले. "त्या बाई म्हणाल्याच होत्या. अंधारात एकट्यानं उतरू नका, माझी लेक येईल तुम्हाला न्यायला. तिला मोजायला जरा वेळ लागतो, म्हणाल्या."

लेकीनं हात पुढे केला.

"गंमत बघ," आजोबा तिचा हात धरून उठता उठता म्हणाले, "मला एवढं कमी ऐकू येतं... पण त्यांचं अक्षर न् अक्षर ऐकू आलं. बोलल्या मात्र फार नाहीत."

ती पुढे, तिच्या खांद्यावर हात ठेवून आजोबा तिच्या मागे. जिन्याच्या पायऱ्या एकेक करून करकरत होत्या. एकदा तिच्या पायाखाली. एकदा आजोबांच्या. आणि मग, जरा थांबून, अजून एकदा. मलमाचा वास आता इतका जवळ होता की लहानपणी आईच्या पदरात तोंड खुपसल्यावर यायचा तसा येत होता. मागे वळायची इतकी ओढ लागली की तिनं खालचा ओठ दातांखाली धरला. बाबांचं बोलणं आठवलं. ती पुढेच बघत राहिली.

दोघं बाहेर आली. पहारेकऱ्यानं लगेच दार लावलं नाही. तो सवयीनं थोडा बाजूला सरकला, क्षणभर दार धरून उभा राहिला, आणि मग कुलूप घातलं. आपण असं का केलं, हे त्याचं त्यालाही कळलं नसावं.

कोपऱ्यावर बाबांनी तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "तर मंडळी," ते म्हणाले, "या गल्लीत पूर्वी पुस्तकांना कापड चढवायचे..."

संध्याकाळी तिनं ऑफिसात फोन केला. "बाबा ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "माणसं पूर्ण होईपर्यंत थांबतात, एवढंच. आज थांबले नसते तर एक म्हातारा माणूस रात्रभर कोंडला गेला असता. कार्ड उद्या देऊन टाका त्यांना."

"मग त्यांच्याबरोबर शेपूट म्हणून कुणाला ठेवू?"

"मी येत जाईन आठवड्यातून दोनदा," ती म्हणाली. "बाकीच्या दिवशी... नको. चालेल."

घरी जाताना वाटेत भाजी घेतली, पाव घेतला. दोन्ही पिशव्या आणि छत्री लेकीच्या हातात, बाबा पुढे. घराआधीच्या शेवटच्या कोपऱ्यावर ते थांबले आणि मागे वळले. लेकीनं हसून पिशवीसकट हात वर केला. बाबांनी मान हलवली. अजून नाही. दिवेलागणीच्या त्या रस्त्यावर दोघंच होती. दोघं वाट बघत राहिली. मग बाबांनी "चला" म्हटलं.

जिना चढून बाबा आत गेले आणि थेट चहाचं आधण ठेवायला स्वयंपाकघरात. लेक त्यांच्या मागोमाग आत आली. तिनं पायानंच चपला सोडल्या आणि पिशव्या सावरत दोन पावलं पुढे टाकली. मागे दार हलकेच लोटलं गेल्याचा आवाज झाला. मग लोखंडावर लोखंड घासलं.

"कडी लावलीस का गं?" आतून बाबांनी विचारलं.

"लागली," ती म्हणाली. तिच्या दोन्ही हातांत अजून पिशव्या होत्या.